तयार घ्यावी की घरी जुळवावी?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. टेक्सासमधल्या मंडळींनी या यादीत आणखी एका वस्तूची भर घातली आहे. ती वस्तू म्हणजे शिकारीची रायफल! दुकानातून तयार रायफल आणावी की सुटे भाग आणून आपल्या गॅरेजमध्ये जुळवावी, या प्रश्नावर तिथली चांगली शहाणीसुरती माणसे तासन्‌तास वाद घालताना मी ऐकली आहेत. एके काळी आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून व्हॉल्व्ह आणि कॉइल आणून घरी रेडिओ जुळवणारे हौशी तरुण असत. त्यांच्यात आणि तयार रेडिओवाल्यांत असेच वाद होत, त्याची मला आठवण झाली.

दिवाळीच्या चकली-चिवड्याबरोबर बंदुकीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा प्रश्न आमच्या मुलीच्या घरात शिरला, तीन महिने मुक्काम ठोकून बसला आणि घरातली शांतता त्याने चांगलीच ढवळून काढली. म्हणून तो सांगण्याजोगा आहे.

मी स्वतः शिकारी नव्हे. पस्तीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात काढली. आधी टूलरूममध्ये, नंतर तपासणी खात्यात. हातात व्हर्निअर आणि गेज, समोर जॉब, हाच माझा जन्मभराचा उद्योग. मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये शहराबाहेर राहतात. जावईबापू इंजिनिअर, आता तिथले नागरिक. शेजारी एक सत्तरीचा शेतकरी आहे. त्याची भुईमुगाची शेती आहे आणि त्या शेतीचे वैरी म्हणजे रानडुकरे.

डुकरांचे राज्य

ही डुकरे मूळची अमेरिकेतली नव्हेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरे बरोबर आणली, त्यांतली काही रानात सुटली. पुढे १९३० च्या सुमारास हौशी जमीनदारांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली. दोन्हींचा संकर झाला आणि आज एकट्या टेक्सासमध्ये त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात. मादी एका वेळी चार-सहा पिले सहज देते. कळपाने येतात आणि एका रात्रीत शेत असे उकरून ठेवतात, की सकाळी पाहणाऱ्याला कोणी नांगर फिरवला असे वाटावे. तिथल्या सरकारनेही हात टेकले. १ सप्टेंबर २०१९ पासून, जमीनमालकाची परवानगी असेल तर, खाजगी जमिनीवर रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागेनासा झाला.

म्हाताऱ्याचा हात आता कापतो. म्हणून गेली चार वर्षे जावईबापू त्याच्या शेतावर संध्याकाळी बसतात. त्यांच्याजवळ खटका मागेपुढे ओढून दर वेळी नवे काडतूस भरायची जुनी बोल्टची रायफल होती. तिचा नेम उत्तम. पण मागच्या हंगामात एका मोठ्या डुकराला गोळी थोडी मागे लागली. दुसरे काडतूस भरून पुन्हा नेम धरेपर्यंत ते झाडीत शिरले. दोघांनी कंदील घेऊन रक्ताच्या थेंबांवरून रात्रभर माग काढला. पहाटे ते ओढ्याकाठी सापडले, तेव्हाही जिवंत होते.

“बाबा, त्या रात्रीनंतर मला धड झोप लागली नाही,” जावईबापू मला म्हणाले. “मारायचं तर एका क्षणात मारावं. नाही तर बंदूक खाली ठेवावी.”

आणि म्हणून त्यांना अर्धस्वयंचलित रायफल हवी होती. ती नुसती चालून भागणार नव्हते. अचूकही हवी होती.

‘अर्ध’ म्हणजे काय?

स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित यांत पुष्कळजण घोटाळा करतात. स्वयंचलित बंदुकीचा चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पडतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत एकदा चाप ओढला की एकच बार निघतो. फक्त रिकामे टरफल बाहेर फेकणे आणि नवे काडतूस वर घेणे हे काम बंदूक स्वतः करते. त्यासाठी लागणारी शक्ती कुठून येते? त्याच बारातून! काही बंदुका धक्क्याचा उपयोग करतात. काही नळीला असलेल्या बारीक छिद्रातून थोडा जळका वायू घेऊन त्याच्या दाबाने यंत्र हलवतात. म्हणजे हात जागचा हलत नाही, डोळा दुर्बिणीवरून निघत नाही आणि गरज पडली तर दुसरा बार लगेच तयार.

शिकारीत ही कल्पना नवी नाही. जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन संशोधकाच्या आराखड्यावरून रेमिंग्टन कंपनीने १९०६ साली अशी शिकारी रायफल बाजारात आणली होती. १९३६ साली अमेरिकन सैन्याने जॉन गॅरंड यांची अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली. पण घरी जुळवण्याचे वेड पसरले ते युजीन स्टोनर यांच्या रायफलीपासून. १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत असताना त्यांनी ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचा सढळ उपयोग करून एक हलकी रायफल आखली. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क घेतले. १९७७ साली तिच्या यंत्ररचनेच्या पेटंटची मुदत संपली आणि पुढे अनेक कारखाने तिचे भाग करू लागले. एका कारखान्याची नळी, दुसऱ्याचा दस्ता, तिसऱ्याचा चाप. सगळे एकमेकांना बसतात. आम्हां टूलरूमवाल्यांना यातले मर्म चटकन कळते. मापे ठरलेली असली की भाग अदलाबदलीचे होतात आणि मग कारखान्याची मक्तेदारी संपते.

अचूकपणाचे माप

अचूक म्हणजे किती अचूक? याला तिथे एक ठरलेले माप आहे. वर्तुळाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एक भाग, म्हणजे एक मिनिट. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, हा एक मिनिट जवळजवळ एक इंच भरतो. नेमके सांगायचे तर १.०४७ इंच. दोनशे यार्डांवर तो दोन इंच होतो. बंदूक टेकूवर ठेवून एकाच ठिकाणी नेम धरून अनेक बार काढले, तरी सगळ्या गोळ्या एकाच भोकातून जात नाहीत. त्यांचा एक पुंजका पडतो. हा पुंजका एका इंचाच्या आत असला की माणूस मिशीवर ताव देतो.

शिकारीला इतकी सूक्ष्मता लागते का? हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा धरतात. डुकराचा त्याहून लहान असतो आणि आपण समजतो त्यापेक्षा बराच पुढे, खाली असतो. तेव्हा दीड-दोन इंचांच्या पुंजक्यानेही काम भागते. पण इथे एक मेख आहे. बंदुकीची चूक, काडतुसाची चूक, वाऱ्याची चूक आणि माणसाच्या धडधडत्या छातीची चूक या सगळ्या एकमेकींत मिसळतात. बंदुकीची चूक जितकी कमी, तितकी माणसाच्या चुकीला जागा जास्त. हा हिशेब मला पटला. कारखान्यात आम्ही हेच करत असू.

जुळवण्याचा पक्ष

जावईबापूंचा ओढा अर्थातच जुळवण्याकडे होता. त्यांचे म्हणणे असे: अचूकपणा बहुतेक नळीत असतो. नळीच्या आत गोळीला गिरकी देणारे जे मळसूत्री आटे असतात, त्यांचा पीळ गोळीच्या वजनाला साजेसा हवा. पीळ सात इंचांत एक फेरा, आठ इंचांत एक किंवा नऊ इंचांत एक असा मिळतो. लांब आणि जड गोळीला घट्ट पीळ लागतो. तयार रायफलीत कारखानदार देईल तो पीळ घ्यायचा. जुळवली तर आपल्याला हवी ती नळी घ्यायची.

दुसरी गोष्ट चापाची. सैनिकी धाटणीच्या चापाला सहा-सहा पौंड जोर लागतो. बंदुकीचे वजन सात पौंड. म्हणजे जवळजवळ बंदुकीएवढाच जोर बोटाने लावायचा आणि तरी बंदूक हलू द्यायची नाही! साडेतीन-चार पौंडांचा स्वच्छ तुटणारा चाप बसवला की सामान्य माणसाचाही नेम सुधारतो. तिसरी गोष्ट हात धरायच्या आवरणाची. ते नळीला कुठेही टेकलेले नसावे, नळी मोकळी असावी. नाही तर हाताच्या किंवा टेकूच्या दाबाने नळी केसभर सरकते आणि शंभर यार्डांवर त्या केसाचा इंच होतो.

“आणि बाबा,” ते शेवटी हसून म्हणाले, “आपल्या हातानं जुळवलेलं यंत्र चालताना पाहण्यात जे सुख आहे, ते तुम्हांला मी काय सांगणार?”

इथे त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवले होते!

तयार घेण्याचा पक्ष

म्हातारा शेतकरी मात्र तयार घेण्याच्या बाजूचा. तो म्हणाला, “भाग बसतात हे खरं. पण बसणं वेगळं आणि नांदणं वेगळं.” (आपल्या सासू-सुनांना हे वाक्य फार आवडेल!)

त्याच्या म्हणण्यात अनुभव होता. वायूचे छिद्र, नळीची लांबी, स्प्रिंगचा जोर, मागेपुढे धावणाऱ्या भागाचे वजन या सगळ्यांचा तोल जमावा लागतो. वायू कमी पडला तर टरफल अडकते. जास्त झाला तर यंत्र उगाच आदळत राहते आणि भाग लवकर झिजतात. कारखान्यात हा तोल जमवून, बार काढून, मगच बंदूक बाहेर पडते. शिवाय हमी असते. काही बिघडले तर परत पाठवता येते. सहा कारखान्यांचे सहा भाग आणणाऱ्याने तक्रार कोणाकडे करायची? नळीवाला चापवाल्याकडे बोट दाखवणार, चापवाला काडतूसवाल्याकडे.

एक गोष्ट त्याने फार गंभीरपणे सांगितली. नळी आणि खटका यांच्यामध्ये काडतूस किती घट्ट बसते, ते तपासायला ‘गो’ आणि ‘नो-गो’ असे दोन गेज असतात. ते अंतर चुकले तर टरफल फुटून दाब मागे, तोंडाकडे येऊ शकतो. दुसरा धोका काडतुसांचा. या रायफलीत .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट ही दोन काडतुसे एकाच मॅगझिनमध्ये बसतात. बाहेरून बंदुका सारख्याच दिसतात. पण ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या नळीत शिरून बार उडाला तर बंदुकीच्या चिंधड्या होतात. अशा अपघातांबद्दल तिथे वारंवार इशारे दिले जातात. म्हणून ज्यांच्याकडे दोन्ही जाती आहेत ते मॅगझिनला वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावतात.

पैशांचा हिशेबही वाटतो तसा नव्हता. जावईबापूंच्या एका मित्राने वर्षापूर्वी रायफल जुळवली होती. त्याच्या वहीत पाहिले: भागांचे सुमारे चौदाशे डॉलर, जोर मोजणारा पाना, शिकंजात धरायचे ठोकळे आणि गेज यांचे आणखी दोनशे. त्याच तोडीची तयार रायफल तेराशेला मिळत होती. शिवाय विकायला काढली तर नामांकित कारखान्याच्या रायफलीला किंमत येते. घरी जुळवलेलीला भागांच्या निम्मी आली तरी नशीब. दुर्बीण दोन्हीकडे वेगळी घ्यावीच लागते आणि तिच्यात काटकसर करू नये, यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत!

माझ्या व्हर्निअरची पाळी

अखेर असे ठरले, की मित्राची जुळवलेली रायफल आणि एका परिचिताची तयार रायफल, दोन्ही निशाणाच्या मैदानावर न्यावयाच्या. बार एकाच माणसाने काढायचे, काडतुसे एकाच पेटीतली. मोजणी माझ्याकडे. मी पाहुणा, व्हिसावर आलेला परका. केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायला मनाई आहे. तेव्हा मी बंदुकीला हात लावला नाही. कानांवर बोंडे चढवून दुर्बिणीतून निशाण पाहत बसलो.

पहिल्या तीन गोळ्या. जुळवलेल्या रायफलीचा पुंजका १८ मिलिमीटर, तयारचा २४. मित्राने टाळी दिली. जावईबापूंचा चेहरा खुलला.

मी म्हटले, “तीन नग मोजून मी आयुष्यात कधी लॉट पास केला नाही. दहा-दहा होऊ द्या.”

दहा गोळ्यांनंतर चित्र पालटले. जुळवलेलीचा पुंजका ४१ मिलिमीटर, तयारचा ३८. म्हणजे दोघी बहिणी-बहिणीच! यात जादू काही नाही. पुंजका मोजतात तो सर्वांत दूरच्या दोन गोळ्यांमधला. जितक्या गोळ्या जास्त तितका तो वाढणारच. तीन गोळ्यांत नशिबाला फार वाव असतो. तिथले हौशी लोक खिशात तीन गोळ्यांचे एखादे सुंदर निशाण घेऊन फिरतात, ते याच कारणाने. बाकीची निशाणे कचऱ्याच्या टोपलीत असतात.

मग तयार रायफलीत दुसऱ्या जातीची काडतुसे घातली. दहा गोळ्या, पुंजका २७ मिलिमीटर! बंदूक तीच, माणूस तोच, वारा तोच. नुसती काडतुसे बदलली आणि एक तृतीयांशाच्या आसपास चूक नाहीशी झाली. जुळवलेली रायफल या नव्या काडतुसांवर दोनदा अडकली. वायूचा तोल जमलेला नव्हता. म्हातारा काही बोलला नाही. नुसता टोपी सारखी करीत उभा राहिला.

घरी येताना मी जावईबापूंना म्हटले, “घ्यावी की जुळवावी, हा प्रश्नच दुय्यम ठरला. या रायफलीला कोणते काडतूस मानवते ते शोधायला आणि त्यानंतर हात बसवायला तुम्ही किती गोळ्या खर्च करणार आहात, ते सांगा.”

घरातले न्यायालय

पण खरा निकाल निशाणाच्या मैदानावर लागायचा नव्हता. तो स्वयंपाकघरात लागायचा होता.

आमची मुलगी इतके दिवस गप्प होती. त्या रात्री जेवणानंतर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं नळी आणि चाप यांच्या गोष्टी करता. मला उव्हाल्डे आठवतं.”

टेबलावर शांतता पसरली. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या उव्हाल्डे गावच्या प्राथमिक शाळेत एका अठरा वर्षांच्या मुलाने अशाच धाटणीच्या रायफलीने एकोणीस मुलांचा आणि दोन शिक्षिकांचा बळी घेतला. आमची नात त्या वेळी दुसरीत होती. या रायफलींवर १९९४ साली केंद्र सरकारने काही बंधने घातली होती. दहा वर्षांची मुदत संपली आणि २००४ साली तो कायदा गेला. काही राज्यांनी स्वतःची बंदी ठेवली आहे, टेक्सासने नाही.

जावईबापूंनी वाद घातला नाही, हे मला आवडले. ते म्हणाले, “तू सांगशील त्या अटी.”

तिने तीन अटी सांगितल्या. पहिली, बंदूक भिंतीत पक्क्या केलेल्या पोलादी कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या घरात उघड्यावर कधीही नाहीत. दुसरी, मॅगझिन पाचच काडतुसांचे. शिकारीला त्याहून जास्त कशाला? (पुष्कळ राज्यांनी हरणाच्या शिकारीला अशीच मर्यादा घातलेली आहे.) तिसरी, घरात जुळवाजुळव नाही. “सुटे भाग टेबलावर पसरलेले असले, की मुलीला ते खेळणं वाटेल. मला तिला ते खेळणं वाटायला नको आहे.”

कायद्याने पाहिले तर जुळवण्यास हरकत नव्हती. ज्या भागावर क्रमांक असतो तोच कायद्याच्या दृष्टीने बंदूक. तो परवानाधारक दुकानदाराकडून, फॉर्म भरून आणि पूर्वचरित्राची तपासणी होऊन घ्यायचा. बाकीचे भाग टपालानेही येतात. स्वतःपुरती जुळवायला केंद्रीय कायद्याचा परवाना लागत नाही, विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. राज्याराज्यांचे नियम निराळे. व्हर्जिनियात .२३ इंचाहून लहान नळीची रायफल हरणासाठी चालत नाही. पेन्सिल्व्हेनियाने तर २०१७ पर्यंत अर्धस्वयंचलित रायफलीने शिकारच करू दिली नव्हती आणि त्या वर्षीही लहान शिकारीपुरतीच मोकळीक दिली. पण कायदा काय म्हणतो आणि घरधनीण काय म्हणते, यांत कोणाचे ऐकावे, हे मराठी वाचकांना सांगायला नको!

निकाल

रायफल तयार घेतली. साधी, पण नळी मोकळी असलेली आणि पीळ आठ इंचांचा. काडतूस ६.५ ग्रेंडेल जातीचे; .२२३ पेक्षा गोळी जड, म्हणून डुकराला अधिक योग्य. चाप तेवढा बंदुकांच्या कसबी कारागिराकडून बदलून घेतला. दुर्बिणीवर बंदुकीच्या निम्मे पैसे घातले. चार कंपन्यांच्या काडतुसांतून एक निवडले. आणि मग तीन आठवडे, दर शनिवारी, नुसते निशाण. बसून, टेकून, उभे राहून. मी प्रत्येक कागद मोजून वहीत नोंद करीत असे. उभ्याने काढलेल्या बारांचे माप पाहून जावईबापूंनी स्वतःच नियम केला: उभ्याने बार काढायचा नाही आणि दीडशे यार्डांपलीकडे काढायचा नाही.

माझे मत विचाराल तर सांगतो. ज्याला यंत्राचे प्रेम आहे, वेळ आहे, गेज वापरण्याची शिस्त आहे आणि जवळ जाणता माणूस आहे, त्याने जुळवावी. त्याला पैसे वाचणार नाहीत, पण ज्ञान मिळेल. ज्याला शेत राखायचे आहे, त्याने तयार घ्यावी आणि वाचलेला वेळ काडतुसे पारखण्यात व हात बसवण्यात घालावा.

आपल्याकडेही रानडुकरांनी कोकणात आणि विदर्भात शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणले आहेत. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबतही अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाशिवाय बोट उचलता येत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी बंदूक घ्यायला निघू नये. घेण्यासारखे आहे ते दुसरेच. हत्यार कोणतेही असो, त्याचा नेम कुठवर खरा आहे ते माणसाला ठाऊक असावे आणि त्यापुढे त्याने हात आवरावा.

माझ्या परतीच्या आधीच्या आठवड्यात जावईबापू शेतावरून लवकर आले. कळप आला होता. मोठे डुक्कर एकशेऐंशी यार्डांवर उभे होते, वारा आडवा होता. त्यांनी बार काढला नाही.

मुलीने काही विचारले नाही. तिने पाने वाढली.